हिकरीच्या निखाऱ्यांवरचं वांगं

कॅन्ससला राहायला येऊन मला अठरा वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं शेजारच्या अंगणातला धूर मी कुंपणाच्या अलीकडूनच हुंगला. शेजारी दर सप्टेंबरात चार मित्रांना घेऊन बार्बेक्यूच्या स्पर्धेला जातो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे त्याने कधी बोलावलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मात्र शेजारीणबाई स्वतः काठी टेकत दारात आल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणाल्या, ''आमच्या चमूत भाजी मी करते. या वर्षी तू कर.''

मी हो म्हणून बसलो. मग झोप उडाली.

बार्बेक्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाळीवर खरपूस भाजलेलं काहीतरी येतं. इथला अर्थ निराळा. कॅन्सस सिटीत १८७१ पासून गुरांचा प्रचंड बाजार होता; तो १९९१ साली बंद झाला. चांगलं मांस रेल्वेने पुढे जायचं आणि छातीचे, बरगड्यांचे चिवट तुकडे स्वस्तात मागे राहायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री पेरी नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ असं मांस लाकडाच्या धुरावर शिजवून वर्तमानपत्रात गुंडाळून विकू लागले. या शहराच्या बार्बेक्यूचं जनकत्व त्यांच्याकडे जातं. पद्धत आजही तीच. हिकरी किंवा ओकचं लाकूड, २२५ अंश फॅरनहाइटच्या आसपासची मंद आच आणि बारा-चौदा तासांचा धीर. स्पर्धेत कोंबडी, बरगड्या, डुकराचं मांस आणि ब्रिस्केट हे चार मानाचे गडी. भाजी म्हणजे लग्नातल्या दूरच्या मावशीसारखी. असते, पण फोटोत नसते. तिचे गुण मुख्य विजेतेपदात धरतच नाहीत.

तरी मला ती जिंकायची होती. का, ते नीट सांगता येणार नाही. सतरा वर्षं कुंपणाच्या अलीकडे काढली होती, एवढंच.

पहिला प्रयोग भरल्या वांग्यांचा. दाणे, तीळ, खोबरं, गोडा मसाला, सगळं आईच्या हिशेबाने भरून वांगी शेजाऱ्याच्या धुराड्यात चार तास ठेवली. बाहेर आली ती जुन्या चपलेसारखी, आणि कडू. शेजारी हसला नाही, हे त्याचे उपकार. मग त्याने समजावलं. मांसात चिवट तंतू असतात, ते मंद आचेवर तासन् तास राहिले की विरघळून मऊ होतात. वर चरबी असते, ती धूर सामावून घेते. भाजीत यातलं काहीच नाही. तिच्यात पाणी. मंद कोरड्या आचेवर ते पाणी उडतं, साल आक्रसते आणि आतला गर शिजायच्या आत धुराची राख जिभेवर बसते. भाजीला हवी मोठी आच आणि थोडा वेळ. म्हणजे भाजी निवडायची ती त्या आगीला काय जमतं ते पाहून. मी निवडत होतो घरच्या पंगतीत वाहवा कशाला मिळते ते आठवून.

बायको अलिबागची. तिने पोपटी सुचवली. कल्पना झकास! पण पोपटी थंडीतली, आणि सप्टेंबरच्या कॅन्ससमध्ये वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला कुठून आणायचा? कणसं तर दर तिसरा चमू आणतो. राहता राहिलं आमच्या जळगावचं भरीत.

खरं तर तेच पहिल्यांदा सुचायला हवं होतं. हिवाळ्यात शेताच्या बांधावर कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात लोटायची. साल जळून कोळसा होते, गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि स्पंजासारखा धूर पितो. मग लाकडी बडगीत ठेचायचं. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. आमच्या भरताच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इथे मिळाली काळी-जांभळी, बियांची. चालवून घेतली.

अडचण रंगाची होती. परीक्षक सहा. पदार्थ कुणाचा हे त्यांना कळत नाही. पुढ्यात येतो एक पांढरा डबा. रूप, चव आणि पोत, प्रत्येकाला दोन ते नऊ गुण. सर्वांत कमी देणाऱ्याचे गुण गाळतात. चवीला वजन जास्त, पण आधी डोळे खातात. आणि भरताला रूप कुठलं हो? शेजाऱ्याचा एक मित्र म्हणाला, ''वरून बेकन भुरभुर. आणि ब्रिस्केटची चरबी दोन चमचे घाल, नंबर नक्की.'' यात त्याचा खोडसाळपणा नव्हता. इथल्या भाज्यांच्या गटात बेकनमध्ये गुंडाळलेल्या मिरच्या सर्रास असतात. मी नको म्हटलं. शेवटी भाजीचा कारभार माझा. तो खांदे उडवून कोळसे सारायला गेला, आणि मी तासभर स्वतःला विचारत बसलो की आपण यांचा डाव तर बिघडवत नाही ना.

शुक्रवारची ती रात्र मी विसरणार नाही. पटांगणभर धुराडी, मध्येच कुणाचा तरी रेडिओ, आणि दर तासाला उठून आच बघणारी माणसं. गॅसला आणि विजेच्या शेगडीला बंदी. पहाटे शेजाऱ्याने मला उठवून लाकूड सारायला सांगितलं आणि स्वतः झोपला. चौदा तासांचं त्याचं ब्रिस्केट माझ्यावर सोडून!

सकाळी हिकरीचे निखारे जाळीखाली ओढले आणि वांगी पार काळी होईपर्यंत भाजली. गर ठेचला, लसूण-मिरची तेलात परतून वर ओतली. सजावटीला कोथिंबीर नियमात बसते, हे वाचून फार बरं वाटलं होतं.

तेवीस डब्यांत आमचा नववा. चवीला दोघांनी नऊ-नऊ दिले. रूपाला बहुतेकांनी पाच. पहिली आली ती बेकनची मिरचीच. उरलेलं भरीत शेजाऱ्याने पावावर थापलं, वर ब्रिस्केट ठेवलं आणि उभ्या उभ्या संपवलं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. शेजारीणबाईंनी मात्र नुसत्या चमच्याने खाल्लं आणि हिरव्या वांग्यांचं बी पोस्टाने मागवता येतं का, ते विचारलं.

रात्री आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

''ठेचलंस कशात?''

''स्टीलच्या पातेल्यात. इथे बडगी कुठून आणू?''

''मग नववाच येणार,'' आई म्हणाली.