फट किती रुंद ठेवायची?

नांदेडला एका शिक्षक-शिबिरात आम्ही दुर्बिणीला जोडायच्या वर्णपटलेखकाची रचना समजावून सांगत होतो. लातूरहून आलेल्या एका बाईंनी विचारले, "एवढ्या मोठ्या आरशाने प्रकाश गोळा करायचा आणि मग तो बारीक फटीत अडवायचा, हे कसे?" प्रश्न नेमका होता.

उत्तरासाठी आम्ही बुटांचा खोका घेतला. एका बाजूला ब्लेडच्या दोन पात्यांमधली फट, समोर जुन्या सीडीचा तुकडा. फट ट्यूबलाइटकडे धरली, की सीडीत निळ्या, हिरव्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. (खोका सूर्याकडे मात्र कधीही धरू नये.) फट रुंद केली, की उजेड वाढतो, पण रेषा पसरट होऊन एकमेकींत मिसळतात. असे का? कारण वर्णपटातली प्रत्येक रेषा म्हणजे त्या त्या रंगातली फटीचीच प्रतिमा!

आता जुन्नरजवळ गिरवली येथे 2006 साली सुरू झालेली, पुण्याच्या 'आयुका' संस्थेची दुर्बीण पाहू. आरशाचा व्यास 2 मीटर, नाभीय अंतर 20 मीटर. हवेच्या हालचालीमुळे ताऱ्याची प्रतिमा साधारण 1 ते 2 विकला पसरते. 1 विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. 20 मीटरवर तो सुमारे 0.1 मिलीमीटर भरतो. म्हणजे 31 लाख चौरस मिलीमीटरवर पडलेला प्रकाश एवढ्याशा ठिपक्यात येतो. फट ठिपक्याएवढी ठेवली, की ताऱ्याचा बहुतेक प्रकाश आत जातो. अडतो तो आजूबाजूच्या आकाशाचा. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे.

पण खरी अडचण पुढे आहे. आरसा 10 मीटरचा केला, तर प्रकाश 25 पट मिळतो. मात्र त्याच प्रमाणातल्या दुर्बिणीत ठिपकाही 5 पट होतो. फट अरुंद ठेवावी, तर मिळवलेला प्रकाश वाया. रुंद करावी, तर रेषा मिसळणार. दोन्ही साधायचे, तर वर्णपटलेखकाची भिंगे आणि जाळीही 5 पट मोठी हवी. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 5 पट, म्हणजे वजन 125 पट! म्हणून काही उपकरणांत ठिपक्याचेच उभे काप करून ते एकाखाली एक मांडतात.

वर्गात खोका न्याल, तेव्हा फटीची रुंदी विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. वर्णपटलेखक बांधणाऱ्यांनाही पहिल्यांदा हेच ठरवावे लागते.