आईकडून आलेलं अक्षर

सिकलसेलची तपासणी साधी असते. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात मिसळायचा आणि काही मिनिटांनी नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे मात्र नळीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या गोंदियाच्या जंगलपट्ट्यातल्या अनेक घरांना हा आजार परिचयाचा आहे.

या सगळ्याच्या मुळाशी डीएनएतलं एकच अक्षर आहे. पेशी विभागताना सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर बदलतं. प्रत्येक बाळ असे काही डझन नवे बदल घेऊन जन्मतं. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. पण फार पूर्वी कधीतरी हिमोग्लोबिनच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ आलं. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हातपाय असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस.

एवढा घातक बदल टिकला कसा? मलेरियामुळे. एकच सिकल जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जिथे हिवताप पिढ्यानपिढ्या माणसं नेत होता, तिथे वाहक तगले, त्यांची मुलंबाळंही वाढली.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची २५. हा हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची सुटली, असं नसतं. आणि अशा मुलासाठी एकट्या आईला बोल लावणं सरळ अन्याय आहे, कारण आजार व्हायला दोन्हीकडची प्रत लागते.

गोंड समाजात सोयरीक जमवताना देव पाहतात, म्हणजे घराणं किती देवांना मानतं ते. सारख्या देवसंख्येच्या घरांत लग्न होत नाही. जवळच्या रक्तातली लग्नं टाळणारी ही जुनी, शहाणी रीत आहे. पण देव बापाकडून येतात, जनुक आईकडूनही येतो. त्यामुळे देव वेगळे असूनही दोघे वाहक असू शकतात, आणि मामे-आतेभावंडांच्या लग्नात तर ही शक्यता आणखी वाढते. शिवाय सिकलसेल आदिवासींपुरता नाही. पूर्व विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही तो आढळतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करून घेता येते. रुग्ण मुलांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, फॉलिक आम्ल आणि भरपूर पाणी यांचा मोठा आधार मिळतो; वेदनांचे झटके कमी होतात.