पिठावाचून नूडल्स : अळंबीचा एक घरगुती प्रयोग

मधुमेह घरात आला की त्याची पहिली झळ रोग्याच्या ताटाला लागते. भात मोजून घ्यावयाचा, पोळी मोजून खावयाची, बटाट्याकडे पाहावयाचे नाही. हे सारे मनुष्य निमूटपणे सोसतो. परंतु एखाद्या संध्याकाळी मुलांसाठी नूडल्स होतात, सारे घर वाफाळत्या कढईभोवती जमते आणि एकटाच कोणी आपले वेगळे ताट घेऊन बाजूला बसतो, तेव्हा पथ्य त्याला खरे जड वाटू लागते. पथ्य मोडण्याची पाळीही बहुधा अशाच वेळी येते. त्या माणसाला पंक्तीत परत बसविता येईल काय, असा प्रश्न मनात धरून आज आपण अळंबीच्या नूडल्सचा विचार करणार आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. नूडल हे धान्याचे नाव नसून आकाराचे नाव आहे. आपल्या शेवया गव्हाच्या, कुरडया गव्हाच्या चिकाच्या, तर गोव्यात आणि दक्षिण कोकणात नारळाच्या रसाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या शिरवळ्या तांदळाच्या असतात. चीनमध्ये मुगाच्या पिष्टाच्या पारदर्शक नूडल्स करतात, जपानमध्ये कुट्टूच्या पिठाच्या. पदार्थ बदलला तरी लांब, मऊ आणि रस धरून ठेवणारा धागा तोच राहतो. मग पीठच काढून टाकले आणि धागा तेवढा ठेवला तर?

पीठ काढून टाकण्याचे कारण आकड्यांवरून कळेल. बाजारात मिळणाऱ्या मैद्याच्या कोरड्या नूडल्सच्या ७० ग्रॅम वजनात सुमारे ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती बहुतेक सारी पिष्टमय असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होऊन ती रक्तात उतरते. उलट १०० ग्रॅम ताज्या बटन अळंबीत कर्बोदके अवघी ३ ग्रॅमच्या आसपास, आणि धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबीत ६ ग्रॅमच्या आसपास असतात. त्यांतलाही काही भाग न पचणाऱ्या तंतूंचा असतो. अळंबीच्या वजनाचा सुमारे नऊदशांश भाग पाणीच आहे. एका माणसाला २५० ग्रॅम धिंगरी वाढली, तरी कर्बोदके १५ ग्रॅमच्या आसपास राहतात.

आता कोणी विचारील की दुधी किंवा पडवळ किसून हेच का साधू नये? साधते, परंतु भाजी शिजली की तिचा लगदा होतो. अळंबीचे तसे होत नाही, आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. अळंबी ही वनस्पती नव्हे. ती बुरशीच्या कुळातली. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचे द्रव्य असते. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात जे द्रव्य असते, तेच हे द्रव्य. पाण्याच्या उकळीने ते विरघळत नाही. म्हणून अळंबी कितीही शिजविली तरी दाताखाली थोडी चिवट लागते, आणि नूडलला हवा असतो तोच हा गुण.

आता कृतीकडे वळू. मोठ्या शहरांत किंग ऑयस्टर नावाची जाड, पांढऱ्या देठाची अळंबी मिळते. तिच्या देठातील तंतू उभे आणि समांतर असतात. टोपी कापून बाजूला ठेवावी, देठ उभा चिरून दोन भाग करावेत आणि काट्याच्या चमच्याने वरून खाली ओढत जावे. लांब धागे सुटे होतात. काटा नसल्यास सुरीने उभे पातळ काप काढून त्यांच्या काडेपेटीतील काडीएवढ्या जाडीच्या पट्ट्या कराव्यात. ही अळंबी न मिळाल्यास साधी धिंगरी घ्यावी आणि तिच्या खालच्या अंगाच्या चुण्यांच्या दिशेने हाताने फाडावी. वाळलेली धिंगरी असेल तर ती अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावी. ते पाणी गाळून रश्श्यात वापरावे.

या कृतीतील खरी परीक्षा पाण्याची आहे. अळंबी पाण्यात भिजत ठेवू नये. वाहत्या पाण्याखाली झटकन धुऊन फडक्याने कोरडी करावी. रुंद कढई चांगली तापवून तीत धागे पसरावेत. या वेळी तेल नको आणि मीठही नको, कारण मिठाने पाणी लवकर सुटते आणि धागे भाजण्याऐवजी उकडले जातात. कढईत फार गर्दी करू नये. तीनचार मिनिटांत पाणी सुटून चुरचुर असा आवाज येऊ लागेल. तो आवाज मंदावेपर्यंत आच मोठी ठेवावी. पाणी आटून धाग्यांच्या कडा किंचित तांबूस झाल्या, की मग चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, मिरी, कोबीच्या बारीक पट्ट्या आणि कांद्याची पात घालावी. मीठ सर्वांत शेवटी. अळंबी आटून वजनाने सुमारे निम्मी होते, म्हणून आरंभीच हात सैल ठेवून ती घ्यावी.

ज्यांच्या गावी फक्त बटन अळंबी मिळते त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. २५० ग्रॅम अळंबी बारीक चिरून कोरड्या कढईत तिचे पाणी पूर्ण आटवावे. निवल्यावर दोन अंडी, एक मोठा चमचा इसबगोलाचा भुसा आणि चिमूटभर मीठ घालून ती वाटावी, आणि भुसा फुगावा म्हणून मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे. मग तेल लावलेल्या तव्यावर घावनासारखे पातळ पसरावे, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे व एकदा उलटावे. हे घावन पूर्ण निवल्यावाचून कापू नये. गरम असता ते फाटते. निवल्यावर गुंडाळी करून सुरीने बारीक पट्ट्या काढाव्यात आणि वाढण्यापूर्वी मिनिटभरच रसात परताव्यात. एवढ्यात दोन माणसांचे होते. अळंबी आणि अंडी मिळून कर्बोदके ९ ग्रॅमच्या आसपास भरतात. इसबगोलाचा भुसा बहुतेक न पचणारा तंतूच असतो.

चवीसाठी पुडीतला मसाला शोधण्याचे कारण नाही. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालापासून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे केले आणि खमंगपणाच्या एका निराळ्या चवीचा उलगडा केला. ते द्रव्य अळंबीत उपजतच असते. मात्र वरून जो रस घालावयाचा त्यावर नजर हवी. टोमॅटो केचपच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर असते, आणि रस दाट करण्यासाठी घातलेल्या मक्याच्या पिठाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम पिष्ट. असे दोनतीन चमचे पडले की जे दाराने घालविले तेच खिडकीने आत आले म्हणावयाचे. सोया सॉसमध्ये मीठ फार असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ते थेंबांनी मोजावे.

अळंबी कोठली घ्यावी, याविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. ती लागवडीचीच घ्यावी. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ मध्ये अळंबीच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आज आपल्या देशात बटन आणि धिंगरी या दोन्ही अळंब्यांची लागवड होते. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळमी ही आपल्या परीने अपूर्व चीज. परंतु ती वाळवीच्या आधाराने वाढते, शेतात तिची लागवड होत नाही, आणि तिचे रुचकर कालवण सोडून धागे काढण्यात शहाणपण नाही. रानातील अनोळखी अळंबी तर कदापि आणू नये. काही विषारी जातींचे विष शिजवूनही नष्ट होत नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू होण्यास सहा तासांहून अधिक काळ लागतो. तोवर विषाने यकृतावर आघात आरंभिलेला असतो. चांदीचे नाणे काळे पडते की नाही हे पाहून विष ओळखता येते, ही समजूत खोटी आहे. विकत आणलेली अळंबीही चिकट झाली किंवा तिला वास येऊ लागला, तर टाकून द्यावी.

शेवटी एक सूचना. हा पदार्थ मधुमेहावरील औषध नव्हे. जे इन्सुलिन घेतात, किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनी जेवणातील पिष्ट एकाएकी कमी केले आणि औषधाचे प्रमाण तेच ठेवले, तर रक्तातील साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. घाम येणे, हातपाय थरथरणे, डोके भ्रमणे ही तिची चिन्हे. म्हणून असा बदल आपल्या डॉक्टरांना सांगूनच करावा. पहिल्या वेळी थोडेच खावे. अळंबी सर्वांनाच मानवते असे नाही. अळंबीत प्रथिनेही थोडीच असतात, तेव्हा सोबत अंडे, पनीर, मासळी किंवा कोंबडी यांपैकी काही असावे.

आणि करावयाचे झाल्यास रोग्यापुरते वेगळे करू नये. एकाच कढईत साऱ्यांसाठी करावे. मुलांना भूक अधिक. त्यांच्या बशीत मैद्याच्या नूडल्स मिसळाव्यात, वरची भाजी आणि रस साऱ्यांना एकच. वाढलेल्या ताटांकडे पाहून पथ्य कोणाचे हे ओळखू आले नाही, तर प्रयोग साधला असे समजावे.