पानझडीतील ओळख : सिहोऱ्याच्या डोंगरवाटांवरील रानझाडे

डोंगरवाटेवरच्या वनस्पतींची ओळख हा विषय मराठीत बहुधा सह्याद्रीच्या संदर्भात आणि पावसाळी फुलांच्या आधाराने मांडला जातो. श्रीकांत इंगळहळीकर यांचे २००१ साली प्रसिद्ध झालेले ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक डोंगर भटकणाऱ्यांच्या पाठपिशवीत जाऊन बसले, तेव्हापासून फुलाचा रंग व पाकळ्यांची रचना पाहून नावापर्यंत पोहोचण्याची रीत सर्वपरिचित झाली आहे. सह्याद्रीच्या पठारांसाठी ती योग्यही आहे. परंतु नर्मदेच्या उत्तरेकडील कोरड्या टेकड्यांवर, जिथे पावसाळा संपला की फुले विरळ होतात आणि उन्हाळा येईपर्यंत बहुतेक झाडे पानेही टाकून देतात, तिथे ही रीत अर्ध्या वाटेतच थांबते. तिथे झाड ओळखायचे तर आधी त्याची साल, मग चीक वा डिंक, मग फळ, त्यानंतर पान आणि सर्वांत शेवटी फूल, असा उलटा क्रम धरावा लागतो. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा या तालुक्याच्या गावाभोवतालचा मुलूख हा क्रम शिकण्यासाठी फार अनुकूल आहे.

भूमी आणि वन

सिहोरा हे जबलपूरच्या ईशान्येस, कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर आणि १८६७ साली सुरू झालेल्या जबलपूर–अलाहाबाद लोहमार्गावर वसलेले आहे. जवळून नर्मदेची उपनदी हिरन वाहते. दक्षिणेकडे नर्मदा खोऱ्याची काळी, गव्हाची जमीन पसरली आहे, जिला या भागात ‘हवेली’ म्हणतात. सिहोरा–गोसलपूर पट्ट्यात लोहखनिजाच्या आणि जांभ्या दगडाच्या तांबड्या टेकड्या आहेत. आणि उत्तरेकडे कैमूरची रांग सुरू होते. विंध्याची ही पूर्वशाखा जबलपूर जिल्ह्यातील कटंगीच्या आसपास उगवून बिहारमधील सासारामपर्यंत जाते. तिच्या वालुकाश्माच्या पायथ्याशी, आज कटनी जिल्ह्यात मोडणाऱ्या रूपनाथ येथे, कुंडांजवळच्या शिळेवर सम्राट अशोकाचा लघु शिलालेख कोरलेला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राजाज्ञा कोरण्यासाठी हे स्थळ निवडले गेले, यावरून या डोंगरांतून माणसांची ये-जा किती जुनी आहे याची कल्पना येते.

जबलपूर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते. या विषम वाटणीमुळे येथील जंगल शुष्क पानझडी प्रकारचे आहे. शुष्क पानझडी वन म्हणजे पाणी वाचवण्यासाठी कोरड्या ऋतूत पाने गाळणाऱ्या झाडांचे वन होय. पूर्वेकडे मंडला–दिंडोरीच्या बाजूला शालवृक्षाचे राज्य सुरू होते, तर सिहोऱ्याच्या बाजूला सागवान आणि मिश्र जातींचे रान आहे.

विदर्भातील वाचकाला हे रान परके वाटणार नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठी सत्तेकडे गेले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७–१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिले. वनस्पतींच्या नोंदीही एकत्रच झाल्या. डी. ओ. विट या वनाधिकाऱ्याने १९१६ साली प्रसिद्ध केलेली वृक्ष, झुडपे व वेलींची वर्णनात्मक यादी मध्य प्रांताचे उत्तर वनमंडळ आणि वऱ्हाड या दोन्हींना मिळून आहे. म्हणूनच मेळघाटात वा गोंदियाच्या रानात डोळा तयार झालेल्या माणसाला सिहोऱ्यात निम्मी झाडे भेटताक्षणी ओळखीची वाटतात.

सालीचा धडा

माघ-फाल्गुनात कैमूरच्या वाटेने चढू लागले की पहिल्याने डोळ्यांत भरतो तो ऐन. येथे त्याला साज किंवा साजा म्हणतात आणि गोंड समाज त्यात बडादेवाचा वास मानतो. त्याची काळपट साल उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली असते, मगरीच्या पाठीसारखी. तेंदूची सालही काळी आणि चौकोनी खवल्यांचीच असल्यामुळे नवखा माणूस येथे गोंधळतो. परंतु तेंदूचे खवले लहान आणि कोळशासारखे काळेकुट्ट दिसतात, तर ऐनाच्या भेगा अधिक खोल असून खोडही मोठे व सरळ वाढते. खाली पडलेले फळ शंका पुरती मिटवते. ऐनाच्या कोरड्या फळाला पाच रुंद पंख असतात, तेंदूचे फळ गोल आणि गरयुक्त असते.

ऐनाचा सख्खा भाऊबंद म्हणजे अर्जुन, ज्याला येथे कहुआ म्हणतात. दोघेही टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतील आणि दोघांच्याही फळांना पाच पंख असतात, तरी त्यांना वेगळे करण्याच्या खुणा पक्क्या आहेत. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. ऐनाच्या पंखांवरील रेषा सरळ कडेपर्यंत जातात, तर अर्जुनाच्या पंखांवरील रेषा वरच्या बाजूला वळलेल्या असतात. शिवाय दोघांनी आपापली जागा वाटून घेतली आहे. अर्जुन हिरनच्या आणि ओढ्यांच्या काठी पाण्यात पाय सोडून उभा असतो, ऐन उतारावर वाढतो. झाड कुठे उभे आहे हीसुद्धा ओळखीची खूण असते, ही गोष्ट पुस्तकापेक्षा वाट लवकर शिकवते.

धावडा, ज्याला येथे धवा किंवा धौरा म्हणतात, राखी-पांढऱ्या नितळ खोडावरून कळतो. सालीचे लहान खवले गळून तिथे उथळ खळगे राहतात आणि थंडीत गळण्यापूर्वी पाने तांबूस होतात, तेव्हा सगळा उतार त्या रंगाने भरून जातो. त्याहून वर, जिथे माती उरत नाही आणि केवळ खडक असतो, तिथे सलई आणि कुल्लू भेटतात. कुल्लू म्हणजे मराठीतील कांडोळ किंवा कढई. त्याचे पांढरेशुभ्र, कागदी पापुद्र्यांचे खोड चांदण्या रात्रीही वेगळे दिसते. फांद्यांच्या टोकांशी पाच खंडांची मोठी पाने येतात आणि तांबडी, ताऱ्याच्या आकाराची फळे टोचणाऱ्या, खाज आणणाऱ्या केसांनी भरलेली असतात, म्हणून ती हातात घेऊ नयेत. त्याच्या डिंकाला बाजारात मोठी मागणी असल्यामुळे खोडाला खोल घाव घातले जातात आणि अशा घावांनी झाडे मरतात.

सलई आणि मोई यांची गल्लत नेहमीची आहे. दोघांचीही पाने संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेली, आणि दोन्ही झाडे दीर्घकाळ निष्पर्ण राहतात. अशा वेळी साल बोलते. सलईची हिरवट-राखी साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि तिच्या जुन्या जखमेतून आलेल्या राळेला धुपासारखा सुगंध असतो. मोईच्या जखमेत आतली साल लालसर, पांढऱ्या रेघांची दिसते आणि तिच्यातून डिंक येतो, पण त्याला तो वास नसतो. पाने आल्यावर सलईच्या पर्णिकांच्या कडा दातेरी, तर मोईच्या मोजक्या पर्णिकांच्या कडा अखंड असतात. भिर्रा या झाडाची परीक्षा याहून सोपी आहे. त्याची पर्णिका उन्हाकडे धरली की तीत बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, कारण ते बेल आणि लिंबाच्या कुळातील आहे आणि हे ठिपके म्हणजे त्या कुळाच्या सुगंधी तेलाच्या ग्रंथी होत.

जिथे चूक महाग पडते

ओळखीची खरी कसोटी लागते ती चारोळी आणि बिब्बा यांच्यात. येथे चारोळीला अचार आणि बिब्ब्याला भेलवा म्हणतात. दोन्ही आंब्याच्या कुळातील, दोन्ही एकाच उतारावर वाढणारी, दोघांचीही पाने साधी, गोल टोकाची आणि ठळक समांतर शिरांची. रानमेवा म्हणून चारोळीच्या झाडाखाली उभा राहणारा माणूस बिब्ब्याच्या झाडाखाली उभा राहिला आणि त्याचा चीक अंगावर पडला, तर बिब्बा उततो, म्हणजे त्वचेवर आग होऊन फोड येतात. म्हणून हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बिब्ब्याचे पान फार मोठे, पुष्कळदा हातभर लांब असते आणि त्याची खालची बाजू फिकट राखी दिसते. चारोळीचे पान त्याच्या निम्मेही नसते आणि जाड, चामट असते. दुसरी खूण सालीची. बिब्ब्याच्या खरचटलेल्या सालीवर चिकाचा काळा, वार्निशसारखा डाग वाळलेला असतो, तर चारोळीची साल काळपट व चौकोनी भेगांची असते. फळ असेल तर प्रश्नच उरत नाही. बिब्ब्याची काळी बी नारिंगी, मांसल बोंडावर बसलेली असते, चारोळीचे फळ वाटाण्याएवढे व पिकल्यावर काळे होते.

पावसाळ्यात हीच सावधगिरी वेली आणि कंदांच्या बाबतीत लागते. कळलावी या वेलीच्या पानाचे टोक लांबून तणाव्यासारखे वळते आणि त्याच्या आधाराने ती झुडपावर चढते. तिची लाल-पिवळी फुले श्रावणात अत्यंत देखणी दिसतात, पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे जहाल विष असते. बैचांदी हा रानकंद तीन पर्णिकांच्या, काटेरी, वळसे घेत चढणाऱ्या वेलीचा असून त्यात डायोस्कोरिन नावाचे विषारी द्रव्य असते. आदिवासी कुटुंबे त्याच्या पातळ चकत्या करून त्या वाहत्या पाण्यात ठेवतात आणि विष निघून गेल्यावरच खातात. त्याच प्रजातीतील काही कंद केवळ उकडूनही खाता येतात. ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि केवळ चित्र पाहून ती कोणाच्याही हाती लागणार नाही.

जाणकार, ग्रंथ आणि यंत्र

या परिसरातील गोंड, कोल आणि भूमिया समाजांकडे असलेले वनज्ञान रोजच्या व्यवहारातून टिकले आहे. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात, तेव्हा घरातील सर्वजण झाडाखाली वेचणीला जातात. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याची तोडणी होते. मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाने हाती घेतला आणि ५० पानांचा एक याप्रमाणे १००० पुडक्यांची प्रमाण गोणी ठरली. पान पुरेसे मोठे आहे का, त्यावर कीड वा फोड आहेत का, ते लवचीक आहे का, हे तोडणाऱ्या स्त्रिया बोटांच्या स्पर्शाने जाणतात. वनस्पतिशास्त्रात पानाची लव, जाडी आणि पोत यांची जी परीक्षा केली जाते, तीच येथे पोटापाण्याच्या गरजेतून होत असते.

ग्रंथांची परंपराही समृद्ध आहे. जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ च्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात मध्य भारतातील जंगलांचे वर्णन आहे. १८७४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांचा वायव्य व मध्य भारताच्या वनवृक्षांवरील ग्रंथ आला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने १९९३ ते २००१ या काळात मध्य प्रदेशच्या वनस्पतींचे तीन खंड प्रकाशित केले आणि १९९६ मध्ये ओम्माचन व श्रीवास्तव यांचे ‘फ्लोरा ऑफ जबलपूर’ प्रसिद्ध झाले. जबलपुरातच राज्य वन संशोधन संस्था आणि १९८८ मध्ये स्थापन झालेली उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था कार्यरत आहेत. या ग्रंथांत दिलेली ‘ओळखकिल्ली’ ही परस्परविरोधी लक्षणांच्या जोड्यांची साखळी असते. पाने समोरासमोर की एकाआड एक, साधी की संयुक्त, चीक पांढरा की पारदर्शक, असे एकेक उत्तर देत वाचक जातीच्या नावापर्यंत पोहोचतो. नवी संशोधने होतात तशी शास्त्रीय नावेही बदलतात. धावडा पूर्वी अ‍ॅनोजिसस या प्रजातीत होता, आता त्याची गणना ऐन-अर्जुनाबरोबर टर्मिनॅलियात केली जाते, त्यामुळे जुनी पुस्तके वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

अलीकडे मोबाइलवरील ओळख-अॅप हाती आल्यामुळे छायाचित्र काढताच नाव मिळते. फुललेल्या किंवा पाने असलेल्या झाडाच्या बाबतीत ते पुष्कळदा उपयोगी पडते. परंतु वासाचा, चिकाचा आणि स्पर्शाचा पुरावा छायाचित्रात येत नाही, आणि पानझडीच्या महिन्यांत केवळ सालीच्या चित्रावरून दिलेले उत्तर हा अंदाज समजावा. कोणतेही नाव निदान तीन स्वतंत्र लक्षणांनी पडताळल्याशिवाय पक्के मानू नये, आणि खाण्याच्या वा औषधाच्या बाबतीत तर अॅपच्या भरवशावर कधीच जाऊ नये.

वाटसरूसाठी रीत

या साऱ्यातून डोंगरवाटेवर चालणाऱ्यासाठी एक साधी शिस्त निघते. प्रथम झाड दुरून पाहावे आणि त्याचा आकार, फांद्यांची ठेवण व उभे राहण्याची जागा टिपावी. मग साल, जुन्या जखमेतील चीक वा डिंक, खाली पडलेली पाने व फळे पाहावीत, पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र पट्टीसह घ्यावे आणि तारीख, ठिकाण व गावातील नाव जागच्या जागी वहीत लिहावे. नवी जखम करून साल तपासण्याचे कारण नाही, कारण सरपण आणि गुरांच्या वाटेवर खरचटलेली झाडे भरपूर असतात, आणि राखीव वनात झाडाला इजा करणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच वाटेने वर्षातून निदान तीनदा जावे : श्रावणात पानांसाठी, मार्गशीर्षात फळांसाठी आणि फाल्गुनात सालीसाठी. एका ऋतूत भेटलेल्या झाडाची ओळख अपुरी असते आणि अशा अपुऱ्या ओळखीतूनच बहुतेक चुका होतात. जी लेकरे आजीबरोबर मोह वेचायला जात होती, ती आता शाळेसाठी आणि कामासाठी शहरांकडे जात आहेत. म्हणून सिहोऱ्यात असो, मेळघाटात असो वा सह्याद्रीत, वाटेवर भेटणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांनी सांगितलेले नाव व खूण लिहून ठेवावी आणि पडताळलेली नोंद जवळच्या संशोधन संस्थेला किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवावी. प्रत्येक डोंगरप्रेमी वाचकाने आपल्या परिसरातील एक वाट निवडून या वर्षी हे काम सुरू करावे.