टेंभी नाक्याची ओळी

आश्विन शुद्ध सप्तमी उजाडली की ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दोन नवदिवसांची गाठ पडते. रस्त्यावर नवरात्रोत्सवाचे सहा दिवस सरलेले असतात. कै. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या उत्सवाची देवी कळव्यातून मिरवणुकीने येते आणि नाक्यावरचा भव्य मंडप, विद्युत रोषणाई, खेळण्यांची आणि बांगड्यांची दुकाने, दर्शनाची लांबलचक रांग यांनी सारा परिसर रात्री उशिरापर्यंत जागा असतो. त्याच सप्तमीच्या सकाळी, त्याच नाक्यावरच्या जिनालयात नवपदाच्या आयंबिल ओळीला प्रारंभ होतो. बाहेर भजी तळल्याचा वास दरवळत असताना आत तेल, तूप, दूध, दही, गूळ-साखर आणि तळण हे सारे वर्ज्य करून, हळद-मिरचीही न वापरता शिजवलेले धान्य दिवसातून एकदाच घ्यायचे आणि सूर्यास्तापूर्वीच उकळलेले पाणी प्यायचे, असे हे नऊ दिवस.

ओळी सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत चालत असल्याने दसरा आणि कोजागिरी हे दोन्ही सण तिच्या पोटात येतात. दसऱ्याला घरोघरी श्रीखंड-पुरीचे ताट असते. आयंबिल शाळेत मात्र तो बहुधा चौथा दिवस, उपाध्याय पदाचा. त्या पदाचा वर्ण हिरवा म्हणून ताटात उकडलेले मूग. कोजागिरीला शेजारच्या गच्चीवर चंद्राच्या साक्षीने केशरी दूध आटत असते आणि तपस्वींनी नवव्या दिवसाचा भात दिवसाच घेतलेला असतो. नाक्यावर वाढलेल्या आमच्या पिढीला यात कधी विसंगती वाटली नाही. शेजारच्या काकू आमच्या दादीसांना दुधाचा पेला आणून देत नसत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला, आठवणीने आणत.

या नाक्यावर आणखी एक प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायली समाजाचे १८७९ साली उभारलेले ‘शार हाशमाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे सिनेगॉग. मराठी ही मातृभाषा असलेल्या या समाजाचा सर्वांत मोठा उपवास, योम किप्पूर, हाही याच ऋतूत येतो. तो प्रायश्चित्ताचा आणि क्षमायाचनेचा दिवस. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो नेमका दसऱ्याच्याच दिवशी आला. म्हणजे एका नाक्यावर एकाच दिवशी कुणी सीमोल्लंघन करीत होते, कुणी मूग खाऊन तप करीत होते आणि कुणी निर्जळ राहून आपल्या चुकांची क्षमा मागत होते. ठाण्याच्या या जुन्या वस्तीचा स्वभाव सांगायला याहून वेगळे उदाहरण शोधायची गरज नाही.

ठाण्याच्या किनाऱ्यावरचा श्रीपाल

ओळीचे आणि ठाण्याचे नाते मात्र केवळ पंचांगाचे नाही, ते कथेचे आहे. श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांची कथा रत्नशेखरसूरींनी विक्रम संवत १४२८ मध्ये प्राकृतात लिहिली. पुढे उपाध्याय विनयविजयजींनी संवत १७३८ मध्ये रांदेर येथे श्रीपाल रास रचावयास घेतला; तो अपुरा असतानाच त्यांचे देहावसान झाले आणि उपाध्याय यशोविजयजींनी तो पूर्ण केला. ओळीच्या नऊ दिवसांत गावोगावी वाचला जातो तो हाच रास. त्यातील एक मोठा प्रसंग कोकणातल्या ठाणा नगरीत घडतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ‘श्रीस्थानक’ म्हणून नांदलेले हे आपलेच बंदर, असे परंपरा मानते. म्हणूनच टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालयाला ‘कोकण शत्रुंजय’ म्हणतात आणि तेथे या चरित्रातील प्रसंग साकारलेले आहेत. श्रीपाल राजा विसाव्या तीर्थंकरांच्या शासनात झाला, ही श्रद्धाही त्यामागे आहे.

व्यापारी घरांनी या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते, कारण त्यातील खलपुरुष व्यापारी आहे. धवल शेठ हा कौशांबीचा धनाढ्य. भरुचच्या बंदरात त्याची पाचशे जहाजे अडकून पडली, ती श्रीपालाच्या पुण्यप्रभावाने हलली. दोघे बरोबर प्रवासाला निघाले. परदेशी संकटात सापडलेल्या धवलाला श्रीपालाने सोडवले. परंतु ज्याच्यामुळे आपण तरलो त्याचेच वैभव शेठच्या डोळ्यांत सलू लागले. अखेर त्याने श्रीपालाला भर समुद्रात ढकलून दिले. नवपदाचे स्मरण करीत श्रीपाल एका मगरीच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्याला लागला आणि चंपक वृक्षाखाली निजला. त्याच्यावरची सावली ढळत नाही हे पाहून राजाची माणसे त्याला सन्मानाने ठाणा नगरीत घेऊन गेली. राजा वसुपालाने आपली कन्या त्याला दिली. हवे ते पद माग म्हटल्यावर श्रीपालाने काय मागितले? दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना विडा देण्याचे काम!

पुढे धवल शेठची जहाजे याच बंदराला लागली. नजराणा घेऊन तो दरबारात आला आणि विडा देणारा हात पाहून त्याच्या पायांखालची वाळू सरकली. खेळ करणाऱ्या एका टोळीला पैसे चारून त्याने श्रीपाल आपल्याच जातकुळीचा आहे असे त्यांच्याकडून वदवले. कारस्थान उघडे पडले, राजाने धवलाला देहदंड फर्मावला आणि श्रीपालाने त्याला सोडवले; एवढेच नव्हे तर आपल्या घरी ठेवून घेतले. आणि तरीही धवल सुधारला नाही. एका रात्री कट्यार घेऊन तो श्रीपालाच्या महालावर चढला, पाय घसरला आणि स्वतःच्याच शस्त्राने मेला. श्रीपालाने त्याचे अंत्यसंस्कार केले.

लहानपणी हा शेवट मला खटकत असे. क्षमा केल्यावर समोरच्याचे मन पालटले पाहिजे, नाही तर क्षमेचा उपयोग काय, असे वाटे. एकदा दादीसांना तसे विचारले. त्या म्हणाल्या, “बेटा, धवल शेठचा हिशेब धवल शेठपाशी. श्रीपालाने आपली वही कोरी केली.” त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही. तो लागला आमच्याच घरातल्या एका ओळीत.

एका पेढीच्या दोन पेढ्या

आमचे कुटुंब मूळचे राजस्थानच्या गोडवाड प्रांतातले. आजोबा ठाण्यात आले, बाजारात धान्याची पेढी घातली आणि दोन मुलांच्या हाती ती सोपवून गेले. वडील थोरले, काकासा धाकटे. माझ्या शाळकरी वयात, सुमारे तीस वर्षांपूर्वी, ही पेढी फुटली. कारण सांगायला फार लहान होते: वहीत उचलीची एक नोंद होती आणि तिच्यापुढे दोघांपैकी कुणाचीच सही नव्हती. वडील म्हणत, ती उचल धाकट्याची. काकासा म्हणत, थोरल्याची. त्या रकमेने दोघांपैकी कुणीही बुडणार नव्हते. परंतु व्यापाऱ्याच्या घरात सही नसलेली नोंद ही नुसती रक्कम नसते, ती एकमेकांच्या शब्दावरची शंका असते. त्या दिवाळीला चोपडापूजन दोन ठिकाणी झाले.

दोन्ही घरे एकाच गल्लीत होती. मुले एकमेकांकडे जात, जावा भाजीबाजारात बोलत. बोलणे बंद होते ते फक्त दोघा भावांचे. संवत्सरीला आमच्याकडून काकासांच्या घरी आणि त्यांच्याकडून आमच्याकडे ‘मिच्छामि दुक्कडम्’चे छापील पत्र जाई. ते दुकानातला हमाल घेऊन जाई आणि उत्तराचे पत्र घेऊन येई. अशी सहा वर्षे गेली. दादीसा दोन्ही घरी पाळीपाळीने राहत आणि या विषयावर अवाक्षरही बोलत नसत.

सातव्या वर्षी त्यांची नववी ओळी होती. वर्षातून चैत्र आणि आश्विन अशा दोन ओळ्या धरून साडेचार वर्षांत नऊ ओळ्या, एक्याऐंशी आयंबिल पुरे होतात. त्यांना मध्ये आजारपणाने खंड पडल्यामुळे अधिक काळ लागला होता. त्या वर्षी काकासांनीही पहिल्यांदाच ओळी धरली, आईबरोबर. वडिलांना मधुमेहामुळे ते शक्य नव्हते. दसऱ्याला पेढीवरची पूजा सकाळीच आटोपली आणि दादीसांनी वडिलांना एवढेच सांगितले, “आज आयंबिल शाळेत वाढायला माणसे कमी आहेत.”

आयंबिलाच्या पंगतीत वाढणे हे जोखमीचे काम असते. पानात एक शीतही टाकायचे नसते. जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी प्यायचे असते. म्हणून वाढणाऱ्याने प्रत्येकाला विचारूनच वाढावे लागते. अंदाजाने वाढता येत नाही. वडील मुगाची बादली घेऊन ओळीने पुढे सरकत होते. दादीसांच्या पलीकडच्या पाटावर काकासा बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे होते. वडील तेथे पोहोचले, क्षणभर थांबले आणि त्यांनी विचारले, “किती वाढू?”

सहा वर्षांनंतर भावाशी बोललेले ते पहिले शब्द होते. काकासांनी वर न पाहता उत्तर दिले, “थोडे.” वडिलांनी वाढले. काकासा म्हणाले, “बस.” वडील पुढच्या पाटाकडे वळले. दादीसा खाली मान घालून मूग खात होत्या.

यानंतर मिठी झाली, अश्रू वाहिले, पेढी पुन्हा एक झाली, असे काही घडले नाही. पेढ्या आजही दोनच आहेत. ती उचलीची नोंदही जुन्या वहीत तशीच आहे. तिच्यापुढे कुणी सही केलेली नाही. मात्र पौर्णिमेनंतर पारण्याला दोन्ही घरे एकत्र बसली आणि पुढच्या संवत्सरीला छापील पत्र गेले नाही, वडील स्वतः गेले. दादीसांच्या ‘कोऱ्या वही’चा अर्थ मला तेव्हा कळला. क्षमा म्हणजे समोरच्याने आपली बाजू मान्य करणे नव्हे आणि वाद निकाली निघणेही नव्हे. समोरचा बदलेल या अटीवर दिलेली क्षमा हा सौदा असतो. श्रीपालाने ठाण्यात सौदा केला नव्हता.

पंगत कुठे भरणार?

हे आज लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. टेंभी नाक्याच्या जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या जागी इमारती आल्या. आमच्यासारखी अनेक कुटुंबे घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहावयास गेली. घरे ऐसपैस झाली, संकुलात बाग आली, गाडी लावायला जागा आली. भावाभावांमधले अंतर मात्र एका गल्लीचे होते ते पाऊण तासाचे झाले. पूर्वी न बोलणाऱ्या भावालाही दिवसातून चार वेळा समोरून यावे लागे. आता अबोला धरण्याचेही कष्ट पडत नाहीत. नुसते भेटले नाही तरी तो आपोआप टिकतो. मिच्छामि दुक्कडम् तर भ्रमणध्वनीवरून एका बोटाने चारशे जणांना जातो. हमालाच्या हाती पाठवलेल्या पत्रावर निदान नाव लिहिलेले असे.

नव्या वसाहतींतही जिनालये उभी राहिली आहेत, आयंबिलाची सोयही होते आणि काही ठिकाणी डबे घरपोच मिळतात. वृद्धांना आणि नोकरदार तपस्वींना त्याचा मोठा आधार आहे. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु डब्यातले मूग मोजून भरलेले असतात. तेथे कुणी कुणाला ‘किती वाढू’ असे विचारत नाही. तप एकट्याने करता येते. पंगतीला दुसरा माणूस लागतो, आणि तो आपल्या पसंतीचाच असेल असे नाही.

म्हणून वाचक बंधुभगिनींना एक विनंती. आश्विनाची ओळी संपली की पंधरा दिवसांत दिवाळी येते आणि नव्या वह्यांची पूजा होते. ओळी करण्याची शक्ती प्रत्येकाला असतेच असे नाही, पण नऊ दिवसांपैकी एक दिवस, दुकान तासभर उशिरा उघडून, आपल्या जवळच्या आयंबिल शाळेत वाढायला जाणे कुणालाही जमण्याजोगे आहे. मुलांना बरोबर न्यावे. बादली त्यांच्या हाती द्यावी आणि प्रत्येक पाटापाशी थांबून विचारावयास शिकवावे.

गेल्या आश्विनात माझी मुलगी पहिल्यांदा वाढायला उभी राहिली. वडील आता वाकून वाढू शकत नाहीत. ते खुर्चीवर बसून पाहत होते. शेजारच्या खुर्चीवर काकासा होते. बाहेर देवीच्या मंडपात ढोल वाजत होते, त्यामुळे मुलीचा आवाज ऐकू येईना. दोघांनी एकाच वेळी तिला सांगितले, “जरा मोठ्याने विचार.”