अडलेला घास आणि सरावाचा हात

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा आग्रहाने वाढतात. अशा पंगतीत एखादा माणूस भाकरीच्या प्रत्येक तुकड्यावर पाणी पितो, मध्येच पाठ ताठ करून घास खाली जायची वाट पाहतो. रात्री आडवं पडलं की खाल्लेलं घशाशी येतं, ठसका लागतो. ‘पित्त झालं असेल’ म्हणत गोळ्या वर्षानुवर्षं चालतात आणि वजन उतरत जातं.

हा अकॅलेशिया असू शकतो. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार. स्नायूंना सैल पडायला सांगणाऱ्या अन्ननलिकेतल्या मज्जापेशी नष्ट होतात. मग जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी गिळताना नीट उघडत नाही आणि अन्न पुढे ढकलण्याची नळीची ताकदही जाते. अन्ननलिकेच्या कर्करोगात बहुधा आधी घट्ट अन्न अडतं, पाणी नंतर; इथे दोन्ही सुरुवातीपासून अडू शकतं. तरीही गाठ नाही याची दुर्बिणीने खात्री करावीच लागते. बेरियमचा एक्स-रे आणि नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री यांवरून निदान पक्कं होतं.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. कडी सैल करणं एवढंच हाती उरतं. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी शस्त्रक्रिया करून हे स्नायू कापले. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तेच काम तोंडावाटे, एंडोस्कोपीने केलं. ही ‘पोएम’ पद्धत. पूर्ण भूल देऊन अन्ननलिकेच्या अस्तराखाली निळसर द्रव टोचतात. फुगलेल्या अस्तराला छोटा छेद देतात, त्याखालून बोगदा करत जठरापर्यंत जातात, स्नायू कापतात आणि बाहेर येताना छेद क्लिपांनी मिटवतात. पोटावर एकही टाका नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन वर्षांनंतर पोएमचं यश ८३ टक्के होतं, पोटातून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं जवळपास तितकंच. मात्र आम्ल वर येऊन अन्ननलिकेला सूज येण्याचं प्रमाण पोएमनंतर ४४ टक्के, शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के होतं. रुग्णाला हे आधीच सांगायला हवं.

हा सगळा खेळ काही मिलिमीटर जाडीच्या भिंतीत चालतो. हात चुकला तर छिद्र पडू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो. पलीकडे हृदय आणि फुप्फुसं आहेत. म्हणून पेठेतल्या तालमीत जसा नवा पोरगा वस्तादाच्या नजरेखाली घाम गाळल्याशिवाय मैदानात उतरत नाही, तसंच इथे आहे. आधी जाणत्यांचं काम पाहायचं, मग डुकराच्या काढलेल्या अन्ननलिकेवर, पुढे भूल दिलेल्या प्राण्यावर हात बसवायचा, आणि त्यानंतरच अनुभवी डॉक्टर शेजारी उभे असताना रुग्णाला हात लावायचा. मुंबईत डॉ. अमित मायदेव आणि पुण्यात डॉ. अमोल बापये यांनी ही पद्धत रुजवली, इतरांना शिकवली. बापये यांच्या चमूने तर २०१६ मध्ये याच तंत्राने गुदमार्गातून एका प्रौढ रुग्णाच्या हर्शस्प्रुंग आजारावर (यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात) उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं.

उपचार कोल्हापुरात घ्या किंवा पुण्या-मुंबईत, डॉक्टरांना निःसंकोच विचारा: आपण हे कुणाकडे शिकलात, किती केलेत, छिद्र पडलं तर सर्जन हाताशी आहेत का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि घरातलं कुणी ‘घास अडतोय’ असं पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर पित्ताची गोळी पुढे करू नका. त्याला तपासणीला घेऊन जा.