लेखनाधिकार कोणाच्या हाती?

संगणक-आज्ञावलीतील फेरफारांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' प्रणालीत प्रत्येक बदलापुढे कर्त्याचे नाव लागते. मात्र ते ज्याचे त्यानेच लिहावयाचे असते. त्याची शहानिशा गिट करीत नाही.

मार्च २०२१ मध्ये 'पीएचपी' या संगणकभाषेच्या मूळ भांडारात रासमुस लेर्डोर्फ व निकिता पोपोव्ह या जाणत्यांच्या नावे दोन घातक बदल घुसविण्यात आले. पहिल्यावर टीप होती ती किरकोळ लेखनदोष सुधारल्याची! नित्याच्या तपासणीत काही तासांतच ते उघडकीस आले, हे सुदैवच. अन्यथा ही भाषा वापरणारी संकेतस्थळे परक्यांच्या हाती गेली असती.

त्यानंतर भांडार 'गिटहब'वर हलविण्यात आले. लेखनाधिकार संघटनेच्या सदस्यांपुरता ठेवून दुहेरी ओळख-पडताळणी सक्तीची करण्यात आली. वाचनाची मुभा मात्र सर्वांना पूर्ववत राहिली.